वण

१

सकाळी दवाखान्याचं शटर वर करण्याआधी रुचिताच्या पायाची पट्टी बदलायची, हा आमच्या घरचा नेम होऊन बसला होता. शाहूपुरीत खाली माझा दातांचा दवाखाना आहे, वर आम्ही राहतो. ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची, पाय माझ्या मांडीवर ठेवायची आणि बाहेर बघत राहायची. मी कापूस सोडवायचो. डाव्या अंगठ्याच्या बुडाशी बोराएवढी जखम होती. कडा पांढऱ्या, आत काळपट. मी तिला रोज विचारायचो, "दुखतंय का?" आणि ती रोज म्हणायची, "नाही हो, काहीच कळत नाही तिथं."

आमची मुलगी सुव्रता तीन वर्षांपूर्वी तापानं गेली. नऊ वर्षांची होती. सुवी म्हणायचो आम्ही तिला. एकच होती. त्यानंतर रुचिताची साखर ताळ्यावर आलीच नाही. ती अनवाणीच हिंडायची, गच्चीवर, जिन्यात, खाली रस्त्यावर. चपला घाल म्हटलं की म्हणायची, "विसरले." कधीतरी कशानं तरी पाय कापला आणि तो भरेना. आता सर्जन सांगत होते की अंगठा काढावा लागेल, उशीर केला तर अर्धं पाऊल.

सर्जननी हे सांगितलं त्याच दिवशी आक्कांचा फोन आला. आक्का म्हणजे माझ्या सासूबाई, पद्मावती. कुरुंदवाडला एकट्याच राहतात. तिकडच्या जुन्या बायकांसारखं 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात.

"कापू-बिपू नका," त्या म्हणाल्या. "आमच्यात तवनाप्पा हाय. त्येच्याकडं घिऊन या तिला. मी सांगतो न्हवं!"

मी असल्या गोष्टींना हसणारा माणूस. पण दुसऱ्या दिवशी गाडी मीच काढली.

२

गुऱ्हाळांचे दिवस होते. रस्ताभर काहिलीतल्या रसाचा वास गाडीत येत होता. तवनाप्पाची खोली घाटाकडे जाणाऱ्या वाटेवर, केळीच्या बागेमागं. आत शेणानं सारवलेली जमीन, एक चटई, भिंतीतल्या फळीवर काशाच्या वाट्या. पांढरं धोतर नेसलेला माणूस चटईशेजारी बसला होता. त्याचं वय मला ओळखता येईना. केस पांढरे होते, पण तोंडावर एक सुरकुती नव्हती.

"बसा डॉक्टर," तो म्हणाला. आक्कांनी कळवलं असणार.

त्यानं रुचिताला आडवं केलं, तुपाचं बोट तिच्या तळव्यांना लावलं आणि वाटी घासायला सुरुवात केली. सर्र... सर्र... सर्र. काशाची वाटी आमच्या घरीही आहे. उन्हाळ्यात पाय जळजळले की माझी आई घासायची. तूप काळं पडतं, लोक म्हणतात उष्णता निघाली. धातूचं आणि तुपाचं रसायन असतं ते, दुसरं काही नाही.

इथं तूप काळं पडलं नाही. वाटी पिवळी होत गेली. आधी हिरवट, मग पिकल्या लिंबासारखी, मग मला सोन्याशिवाय दुसरं काही आठवेना. खिडकीतून ऊन येत होतं. उन्हामुळं वाटत असेल, असं मी मनाशी म्हटलं.

"ह्याला काय म्हणतात?" मी विचारलं.

"जुनी माणसं रसविद्या म्हणायची. लोखंडाचं सोनं करायचा नाद येगळा, ही जिवाची." त्याचा आवाज झोपलेल्या माणसाजवळ बोलावं तसा हळू होता. "परत्येकाच्या अंगात ऊन जीव असतोय. कुठंतरी तुंबून बसतोय. त्येला नुस्ती वाट करून द्यायची. मग त्यो आपला आपण सांधत जातोय."

"कुठवर?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं, जणू मी काहीतरी पोरकट विचारलं होतं.

"सांधायचं असंल तिथवर की."

रुचिता गाढ झोपली होती. सुवी गेल्यापासून तिला तशी झोपलेली मी पाहिली नव्हती.

३

जखम भरली. आधी कडा गुलाबी झाल्या, मग मध्ये नवी कातडी आली, आणि एका सकाळी पट्टी सोडली तर खाली सोडवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मी अंगठा उजेडात धरून पाहिला. जखमेची जागा कुठली, ते मला सांगता येईना. सर्जननी रक्त तपासलं, साखर तपासली, पुन्हा तपासली. "काय केलंत?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "पथ्य." दुसरं काय सांगणार?

त्या संध्याकाळी आम्ही रंकाळ्यावर गेलो. ती पुढं आणि मी मागं, इतकी झरझर चालत होती. दिवस मावळायच्या आत जेवायचं असतं आमच्या जैनांत, म्हणून ऊन असतानाच घरी आलो. जेवताना तिनं तोंडातून काहीतरी काढून ताटाच्या कडेला ठेवलं.

"बघा बरं, दाताचं काही निघालं वाटतं."

चांदीचा दाणा होता. लग्न झालं त्या वर्षी तिच्या दाढेत मीच भरलेली चांदी. तेव्हा दवाखाना नवीन होता आणि ती माझी सगळ्यात घाबरट पेशंट होती. मी हसत म्हणालो, "चल खाली, पुन्हा भरून देतो."

खुर्चीत बसवलं, दिवा ओढला, आरसा घातला. दाढेत खड्डा नव्हता. मी टोकदार हत्यार दाताच्या खाचांतून फिरवलं. कीड असली की टोक अडतं, भरण असलं की कडेला खरखर लागते. इथं ते काचेवरून घसरावं तसं घसरलं. शेजारची दाढ पाहिली, वरची पाहिली, दुसऱ्या बाजूची पाहिली. दात एकदा किडला की पुन्हा भरून येत नाही. मी रोज पंचवीस माणसांना हे सांगतो.

"झालं का?" तोंड उघडं ठेवूनच तिनं विचारलं.

"झालं," मी म्हणालो आणि दिवा बंद केला. दुसऱ्या दाताची चांदी असेल, मी विसरलो असेन, असं समजून मी वर आलो. चांदीचा दाणा हातातच होता.

४

मग तिच्या कानातली कुडी पिठल्यात पडली. रुचिता हसत सुटली. कुडी धुऊन पुन्हा घालायला गेली तर कानाला भोक नव्हतं. दुसऱ्या कानातली कुडी तिनं काढली आणि दुसऱ्या दिवशी तेही भोक बुजलं. "बरं झालं, ओढायचं मेलं," ती म्हणाली.

मी बघत गेलो. दंडावरचा देवीच्या लशीचा वण गेला. मनगटावर दुधाच्या पातेल्याचा डाग होता, तो गेला. भुवईत लहानपणीची खोक होती, तिथं केस आले. जे काही कधी फाटलं होतं, भाजलं होतं, टोचलं होतं, ते एकेक करून पुसलं जात होतं, आणि ती सुंदर दिसत होती. हे मला सांगायलाच हवं. दुपारी ती पाटावर बसून मटार सोलायची तेव्हा खोलीत दोन खिडक्यांचं ऊन आल्यासारखं वाटायचं. मोठ्यानं बोलणारी माणसंही तिच्याजवळ आली की हळू बोलायला लागायची.

तिच्या अंगातून एक बारीक आवाज यायचा. वाटी घासून थांबवल्यावर जो घुमत राहतो, तसा. मी तिच्या पाठीला कान लावला की ऐकू यायचा. फ्रीजचा असेल म्हणून एकदा फ्रीज बंद करूनही पाहिला.

तिच्याशेजारी झोपून माझी पाठदुखीही गेली. वीस वर्षं पेशंटवर वाकून धरलेली पाठ. मला फार सुख वाटलं. आणि मग एका सकाळी दाढी करताना लक्षात आलं की सुवीचा आवाज मला आठवत नाही. चेहरा आठवत होता, युनिफॉर्म आठवत होता, पण ती दाराआडून 'पप्पा' म्हणायची तो आवाज येईना. मी नळ बंद करून कितीतरी वेळ उभा राहिलो.

तेव्हापासून मी बाहेरच्या खोलीत झोपतो. पाठ पुन्हा दुखायला लागली. आणि सुवीचा आवाज परत आला.

५

सुवी पोट फाडून झाली होती. त्याचा आडवा वण रुचिताच्या ओटीपोटावर होता. पहिल्या वर्षी ती त्यावर बोट फिरवत म्हणायची, "ही आमच्या बाईसाहेबांची वाट."

तो वणही गेला. साडी नेसताना मला दिसलं. बाहेर आलो आणि मग स्वतःशीच भांडलो, कातडी आहे, भरते, त्यात काय एवढं.

दुपारी ती बाहेरच्या खोलीत धूळ पुसत होती. सुवीच्या फोटोपाशी थांबली. शाळेच्या स्नेहसंमेलनातला फोटो, डोक्यावर कागदाचा मुकुट घातलेला. हा फोटो पुसायला रुचितानं कधी कुणाला दिला नव्हता आणि स्वतः पुसताना ती कधी रडल्याशिवाय राहिली नव्हती. तिनं काच पुसली. फोटो जरा लांब धरून बघितला.

"गोड आहे," ती म्हणाली. "अहो, कुणाची हो ही?"

थट्टा असावी म्हणून मी तिच्या तोंडाकडं पाहिलं. तिथं फक्त उत्तराची वाट पाहणं होतं.

"रुचिता," मी म्हणालो, "सुवी."

"सुवी," तिनं म्हणून पाहिलं, नवीन गावाचं नाव म्हणावं तसं. "छान नाव आहे." आणि फोटो जागेवर ठेवून पुढची फळी पुसायला लागली.

६

मी एकटाच कुरुंदवाडला गेलो. तवनाप्पाच्या दाराशी एक म्हातारी ताटावर फडकं झाकून ठेवत होती. भाकरी, वांग्याची भाजी, वर हिरवी मिरची.

"तुमचे कोण हे?" मी विचारलं.

"कोण न्हाय," ती म्हणाली. ती शेजारची शालूबाई. "रोज ठेवतो."

"का?"

ती गोंधळली. पदरानं तोंड पुसलं. "त्ये काय म्हाईत न्हाय बघा. पर ठेवल्याबिगर माझ्या घशाखाली घास उतरत न्हाय." आणि वळून बघत बघत निघून गेली. मी ताटाकडं बघितलं, मग दारात आलेल्या त्याच्याकडं. म्हातारीचं आणि त्याचं नाक एकच होतं.

आत बसल्यावर मी सरळ म्हणालो, "थांबवा. तिला तिची मुलगी आठवत नाही."

"मुलगी दुखत हुती," तवनाप्पा म्हणाला. "आता दुखत न्हाय."

"मला ती परत पाहिजे. दुखणारी."

बाहेर केळीची पानं एकमेकांवर घासत होती, सर्र, सर्र.

"मी लावल्यालं न्हाय त्ये, मी काढू कसं? त्यो तिचाच जीव हाय. एकदा सांधाय लागला की मागं मागं जातोय. आधी वरवरचं, मग खोलातलं."

"काहीतरी उपाय असेल."

"एक हाय." त्यानं माझ्याकडं पाहिलं. "ताजी जखम कराय पायजे. तशीच खोल. तुमी करशीला?"

मी सारवलेल्या जमिनीकडं बघितलं.

"मग ऱ्हाऊ द्या की," तो मायेनं म्हणाला आणि पाण्याचा तांब्या पुढं केला. तेव्हा त्याचा तळहात दिसला. त्यावर एकही रेघ नव्हती. वाटीच्या आतल्या बाजूसारखा गुळगुळीत होता.

"तुमची माणसं कुठं असतात?" मी विचारलं.

"कुणी न्हाय," तो म्हणाला. "कंदीच नव्हतं." आणि हसला. पाणी न पिता मी उठलो.

७

आक्कांना मी सगळं सांगितलं. त्यांनी तोंडावर हात ठेवला. तवनाप्पाचं नाव त्यांनीच सुचवलं होतं, ते त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. पण रडत बसणाऱ्यातल्या त्या नव्हेत. "चला," म्हणाल्या. पिशवीत दोन लुगडी भरली आणि गाडीत बसल्या. "मी बोलतो तिच्याशी. आई हाय मी तिची. माझं ऐकंल."

घरी आल्याबरोबर त्यांनी रुचिताला समोर बसवलं आणि तिचे दोन्ही हात धरले. मी दाराला टेकून उभा होतो. आक्का सुवीबद्दल बोलत राहिल्या. जन्मली तेव्हाचं सांगितलं. कुरुंदवाडला यायची, घाटावर मासे बघत बसायची, ते सांगितलं. मग ताप. दवाखाना. शेवटी तिनं 'आई, पाणी थंड दे' म्हटलं आणि ते थंड पाणी रुचिता आणायला गेली होती, परत येईपर्यंत सगळं संपलं होतं. मी कान झाकून घेतले, तरी ऐकू येत होतं. खोल जखम करायची म्हणजे हेच, दुसरं काय? आक्का करत होत्या. स्वतःलाही करून घेत होत्या.

रुचिताचे डोळे भरले. मी आशेनं दारापासून एक पाऊल पुढं आलो.

"किती वाईट," ती म्हणाली. पदरानं तिनं आक्कांचे डोळे पुसले. "बिचारी ती आई. कुणाचं हो लेकरू ते?"

आक्का तिच्याकडं बघत राहिल्या. मग मुलीच्या मांडीवर त्यांनी डोकं ठेवलं. रुचिता त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती, हळूहळू, आणि खोलीभर तो बारीक घुमणारा आवाज होता.

८

सकाळी मी गच्चीवर गेलो तेव्हा ती धुणं वाळत घालत होती. न्हाऊन आली होती. केस ओले, ऊन कोवळं. चादर तारेवर टाकायला तिनं दोन्ही हात उंच केले आणि पदर सरकला.

तिच्या पोटावर बेंबी नव्हती.

खळगा नाही, सुरकुती नाही, खूण नाही. छातीपासून खाली एकसंध कातडी, नवीन पाटीसारखी, आणि तिच्यावरून ओघळणारा पाण्याचा एक थेंब. तो कुठंही न अडता खाली गेला. मी एवढंच पाहिलं. मग चादर आड आली आणि चादरीमागून तिचं गुणगुणणं ऐकू येत राहिलं.

खालून हाक आली. "कोण हाय का घरात?"

आक्का बाहेरच्या खोलीत पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मला बघून अवघडून उठल्या.

"डॉक्टरच न्हवं तुमी? मी दात दाखवाय आलतो का काय वो? आलो हाय खरं, पर कशाला त्येच ध्येनात येईना."

"आक्का..."

"वय झालं की असं हुतंय," त्या हसून म्हणाल्या.

मागून रुचिता आली. तिनं आक्कांना पाहिलं, पदर सावरला, पाण्याचा तांब्या-भांडं आणून समोर ठेवलं. परक्या माणसाला ठेवावं तसं, नीट, अदबीनं. आक्कांनी तिला निरखून पाहिलं.

"कुठलं पावणं म्हणायचं?" त्यांनी विचारलं.

"आम्ही इथलेच," रुचिता म्हणाली. "तुम्ही?"

"कुरुंदवाड."

"हो का? तिकडं मी एकदा उपचाराला गेले होते. चांगलं गाव आहे."

"हाय की," आक्का म्हणाल्या आणि पाणी प्यायल्या.

मी त्यांना खाली नेलं, खुर्चीत बसवलं आणि खरंच त्यांचे दात पाहिले. दुसरं काय करावं ते मला सुचेना. मग त्यांना घरी पोचवायला निघालो. वाटेत त्या उसाबद्दल बोलत होत्या, या वर्षी तोड लांबली म्हणून. शिरोळ मागं पडल्यावर मी विचारलं, "मूलबाळ काय तुम्हाला?"

"न्हाय," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "देवानं दिलं न्हाय. आता काय त्याचं."

गाडी बाजूला घेऊन मी थोडा वेळ थांबलो. उन्हाचा त्रास झाला, असं सांगितलं.

९

रुचिता बरी आहे. लोक विचारतात तेव्हा मी हेच सांगतो आणि ते खोटं नाही. सकाळी उठते, झाडांना पाणी घालते, वेळेवर जेवते. मला जपते. मला ती विसरली नाही. का, ते मी विचारत बसत नाही.

हल्ली माझी खालची दाढ ठणकते आहे. नसेपर्यंत कीड गेली असणार, ते मला आरशात बघूनच कळतं. माझा मित्र अमरसिंह, तोही दातांचाच डॉक्टर, रोज फोन करतो, "अरे ये की, नस काढून टाकू. स्वतः दातांचा डॉक्टर आणि असा बसलायस काय?" मी जात नाही. गोळीही घेत नाही. ठणका वर चढला की सुवी आठवते. चेहरा, मुकुट, आवाज, सगळं एकदम येतं. कसं, ते मला सांगता येणार नाही. पण येतं, आणि ते आठवणारा आता मी एकटाच आहे.

काल दुपारी जेवण झाल्यावर मी भिंतीला टेकून बसलो होतो. रुचिता समोर येऊन बसली.

"गाल सुजलाय तुमचा," ती म्हणाली. "कधीपासून बघतेय मी. दाखवा बघू."

"काही नाही. उतरेल."

"औषध देत नाही हो. नुसता हात लावते."

तिच्या तोंडावर इतकी माया होती की मला रडू आलं. मी तोंड घट्ट मिटून घेतलं आणि डोकं मागं नेलं. मागं भिंत होती. तिनं हात पुढं केला, हळू, झोपलेल्या लेकराला लावावा तसा. सुवीचं नाव मी मनात घोकायला लागलो. हात अजून वीतभर लांब होता, आणि ठणका कमी व्हायला लागला होता.